पुरात गाव हलवायचा निर्णय कोणाचा : तहसीलचा की ग्रामपंचायतीचा?

धानवाला : ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडले, अन् ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज पाण्यानं वेढलं. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. घरं कधी सोडायची, हे गावानंच ठरवावं. मोबाईलवर येते विसर्गाची क्युमेकमधली, म्हणजे सेकंदाला किती घनमीटर पाणी सोडलं त्याची, संख्या. तिच्यावरून पाणी समाजमंदिराशी लागेल की मारुतीच्या पारापाशी, हे कोणाला उमजते? ग्रामसभेनं मे महिन्यातच ठरवून ठेवावं : कोणत्या खुणेला पाणी लागलं की कोणता मोहल्ला आधी निघेल, ट्रॅक्टर कोणाचे, डोंगा कोणाचा, बाळंतीण अन् अंथरुणावरचे म्हातारे कोणत्या घरात, ढोरं कुठं बांधायची. तहसीलला नुसतं कळवायचं.

महसुलातला माणूस : भाऊ, नियोजन गावाचं असू द्या, निर्णय नको. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. कारण साधं आहे, गावाला वरचं पाणी दिसत नाही. 2020 चा लोंढा मध्य प्रदेशातून आला. वैनगंगेवरचं संजय सरोवर धरण तिकडे शिवनी जिल्ह्यात, तिथला फोन सरपंचाला येणार का? आणि सरपंचानं उठा म्हटलं, तर विरोधी गट मुद्दाम झोपून राहतो. पोलीस दारात आले की उठतो.

धानवाला : वरचं पाणी तुम्ही सांगा ना, साहेब! पण नदी फुगली की नाला उलटा भरतो, अन् गावात पाणी शिरायच्या आधी रस्ता बुडतो. हे तुमच्या नकाशावर आहे का? आमच्या गुराख्याले ठाऊक आहे. त्याच कायद्याचं कलम 41 वाचा. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळेल हे पाहणं स्थानिक संस्थेचंच काम आहे. ते कोणत्या ग्रामपंचायतीत झालं, सांगा.

सिरोंचाकर : तुमचं भांडण आमच्याकडे लागूच पडत नाही. जुलै 2022 मध्ये गोदावरी फुगली तेव्हा मेडीगड्डा बॅरेजचे दरवाजे तेलंगणाच्या हातात होते. भामरागडला तर पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की तालुक्याचं ठिकाणच तुटत आलंय. ज्या तहसीलची वाट बघायची, तीच पुरात.

नरखेडवाला : गावाच्या खुणेवर माझा भरवसा नाही. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीनं मोवाडमध्ये 204 माणसं नेली. अशा पाण्याला खुणा बघत बसता येत नाही. भोंगा पाहिजे, अन् तो वरूनच वाजला पाहिजे.

पोळ्याची लेक : सगळे निघायचंच बोलून राहिले, राहायचं कुठं ते कोणी सांगत नाही. शाळेच्या दोन खोल्यांत अख्खा मोहल्ला, संडासाला कुलूप, चावी हेडमास्तरांकडे अन् हेडमास्तर तालुक्याला. बाया का निघत नाहीत, आता विचारू नका. अन् ढोरं दाव्याला ठेवून कोणता शेतकरी नावेत बसते?

महसुलातला माणूस : ताई, चावीचं बरोबर आहे. चावी पोलीस पाटलाकडे ठेवा, आजच. चाऱ्याची सोय मात्र तालुक्यावरूनच होईल, म्हणून ढोरांची यादी आधी द्या. पण धानवाले, एक सांगा. सरपंचानं रात्री अकराला गाव उठवलं आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या खेपेला कोण उठेल? ती जबाबदारी कोणाची?

धानवाला : तहसीलच्या सांगण्यावरून उठवलं अन् पाणी आलं नाही, तरी शिव्या सरपंचालेच पडतात, साहेब.