भिगवणसाठी सुपरझूम: पी९५० की आणखी काही?

पाणवठा:
नमस्कार मंडळी. बारामतीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गाच्या खिडकीसमोर मोठी बाभूळ आहे. तिच्यावर वेडे राघू, कोतवाल, अधूनमधून कापशी येऊन बसते आणि पोरं नाव विचारत राहतात. मोबाइलवर काढलेला फोटो त्यांना दाखवण्यासारखा नसतो, चोच कुठली आणि शेपटी कुठली तेही कळत नाही. म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरवलंय.

डीएसएलआर आणि मोठी लेन्स नको. उजवा खांदा आखडलेला आहे, आणि लेन्स बदलत बसायची हौसही नाही. बजेट ७५ हजारांच्या आसपास. निकॉनचा पी९५० हा सुपरझूम (लेन्स न बदलता लांबचं जवळ आणणारा) कॅमेरा मनात आहे. दुकानदार म्हणतो थोडे पैसे घाला, पी१००० घ्या, ३००० मिमीपर्यंत झूम मिळेल. पुतण्या म्हणतो छोट्या सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) पैसे घालवूच नका. डिसेंबरात पक्षी बघायला उजनी धरणाकाठच्या भिगवणला जायचं आहे. कुणी वापरलाय का? सेटिंग काय ठेवायचं तेही सांगा.

नदीकाठ:
बाई, पी१००० चा विचार सोडा. त्याचं वजन १४१५ ग्रॅम, पी९५० चं साधारण किलोभर. दुखऱ्या खांद्याला ते चारशे ग्रॅमचं जादा ओझं सकाळभर जाणवत राहणार. शिवाय ३००० मिमीला त्याचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ८ वर येतं, म्हणजे उजेड कमी येतो, आणि या कॅमेऱ्यांना उजेड मुळातच कमी पडतो. मी आधी पी९०० आणि आता पी९५० वापरतो, बहुतेक वेळा पुण्याजवळच्या कवडीपाटला आणि हिवाळ्यात भिगवणला. पी९०० जुना मिळाला तरी घेऊ नका, त्यात रॉ फाइल (नंतर जास्त सुधारता येणारी मूळ फाइल) निघत नाही.

पुतण्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सेन्सर ‘१/२.३ इंची’ नावाचा, प्रत्यक्षात जेमतेम ६ मिमी रुंद. पण तो एवढा लहान आहे म्हणूनच पी९५० ची ३५७ मिमीची लेन्स मोठ्या (फुल-फ्रेम) सेन्सरवरच्या २००० मिमीचं काम करते आणि अख्खा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरता येतं. त्याची भरपाई उजेडाने करावी लागते. सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर असेल आणि आयएसओ (सेन्सरची उजेडासाठीची संवेदनशीलता) १०० ते ४०० मध्ये राहिला, तर वेड्या राघूने चोचीत धरलेल्या चतुराचे पंखसुद्धा मोजता येतील. तोच कॅमेरा ढगाळ संध्याकाळी दाट पानांतल्या हळद्यावर रोखलात आणि आयएसओ १६०० च्या पुढे गेला, की पिसं एकमेकांत मिसळून रंगाचा पट्टा उरतो. तो फोटो ओळख पटवायला पुरतो, भिंतीवर लावायला नाही. माझं मत विचाराल तर कॅमेऱ्यापेक्षा तुम्ही कुठल्या बाजूला उभ्या आहात त्याने फोटो जास्त बदलतो.

सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पक्षी सापडण्याचा. २००० मिमीला ३० मीटरवर चौकटीत फक्त अर्धा मीटर रुंदीचा तुकडा मावतो. फांदीवर बसलेला खंड्या डोळ्यांना स्वच्छ दिसतो आणि कॅमेऱ्यात नुसती पानंच पानं. म्हणून आधी झूम मागे ठेवा, पक्षी बरोबर मध्ये आणा, मग पुढे जा. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम मागे येतो, सोडलं की परत पहिल्या जागी जातो. पक्षी हरवला की तेच दाबायचं. भिगवणच्या आधी महिनाभर शाळेच्या आवारातल्या सातभाईंवर हात बसवा, ते एका जागी थांबत नाहीत.

फोकस कॉन्ट्रास्टवर (उजळ-गडद फरकावर) चालतो, त्यामुळे पक्ष्याऐवजी पुढची काडी पकडतो. फोकसचा चौकोन लहानात लहान करा आणि तो डोळ्यावर ठेवा. बगळा, चमचा असे पांढरे पक्षी उन्हात असतील तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) ०.७ ने खाली घ्या. पांढरी पिसं एकदा जळली (नुसता पांढरा डाग झाली) की जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोत, ती परत येत नाहीत.

उडणाऱ्या पक्ष्यांबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. सेकंदाला ७ फोटो निघतात, पण १० झाले की कॅमेरा ते साठवत बसतो आणि तोवर पाकोळी दिसेनाशी होते. चित्रबलाक किंवा रोहित (फ्लेमिंगो) पाकोळीइतके चपळ नसतात, ते जमतील. झूम ५०० ते ६०० मिमीवर, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद.

भिगवणला उजाडताच नावेत बसा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, आणि २००० मिमीला रोहितची मान वाकडीतिकडी दिसते. त्याला कुठलीच लेन्स उपाय नाही. त्या वेळी जवळचे पक्षी काढायचे, काठावर शेकाटे आणि वंचक असतातच.

आणि एक मनापासून सांगतो. लांब झूमचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पक्ष्यापासून लांब राहता येतं. थवा उडताना हवा म्हणून नाव आत घालायला लावणारे लोक तिथे भेटतील. रोहित चरत असताना डोकं पाण्यात असतं. माना वर झाल्या आणि सगळे एकाच दिशेने चालू लागले, की आपण नको इतके जवळ गेलो. नावाडीदादांना तिथेच थांबायला सांगा, ते ऐकतात. ही पाखरं उजनीच्या पाण्यावर पोट भरायला आलेली असतात. दर नावेमागे त्यांना उठवलं तर त्यांनी खायचं कधी? तसंच घरट्याचे फोटो काढू नका, मुलांनाही तेच शिकवा.

खाडीपलीकडे:
मी ऐरोलीला असतो आणि सोनीचा आरएक्स१० मार्क ४ वापरतो. एक इंची सेन्सर, म्हणजे क्षेत्रफळ पी९५० च्या चौपट, ६०० मिमीला एफ ४, आणि फोकस खूपच जलद. खाडीवर उडते पक्षी काढायला मला दुसरं काही नको. पण तो ताईंच्या बजेटच्या बराच वर जातो, वजन किलोच्या पुढे आहे, आणि खिडकीतून बाभळीवरची कापशी काढायला ६०० मिमी तोकडं पडेल. त्यापेक्षा कॅननचा एसएक्स७० बघा. वजन ६१० ग्रॅम, पोच १३६५ मिमी.

मुलांसाठी एक सुचवतो. आमच्या ठाणे खाडीत लहान रोहित जास्त, तुमच्या भिगवणला मोठा रोहित. लहानाची चोच गडद लाल, काळपट. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की मुलं स्वतःच फरक सांगतील. लहान रोहितचा फोटो हवा असेल तर कळवा, पाठवतो.

पाणवठा:
दोघांचेही आभार. लहान रोहितचा फोटो नक्की पाठवा. ६१० ग्रॅम वाचून आता मन एसएक्स७० कडे झुकतंय. पण २००० आणि १३६५ मध्ये फार फरक पडेल का? आणि नावेत ट्रायपॉड न्यायचा का?

नदीकाठ:
पी९५० मध्ये पक्षी साधारण दीडपट मोठा दिसेल, एवढाच फरक. एसएक्स७० मध्येही रॉ फाइल आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आहे. दुकानात दोन्ही कॅमेरे मागून घ्या, झूम पूर्ण पुढे न्या आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरची सगळ्यात बारीक अक्षरं पाहत उभ्या राहा. घाईने परत देऊ नका, पाच मिनिटं तरी धरा. खांदा पी९५० ला नाही म्हणाला तर बेलाशक एसएक्स७० घ्या. जड म्हणून कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्याने कापशीचा फोटो निघणार नाही.

नावेत ट्रायपॉड नको. इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट वर येते. इंजिन बंद करायला सांगा, कोपरं अंगाशी घट्ट धरा, व्ह्यूफाइंडर डोळ्याला टेकवा. वर्गाच्या खिडकीत मात्र दोन किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा, खांद्यालाही आराम. जादा बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या, पी९५० ची एक बॅटरी कंपनीच्या हिशोबानेच २९० फोटो चालते. आणि दुकानदार सोबत स्वस्तातला यूव्ही फिल्टर देईल, तो लावू नका. एवढ्या झूमवर त्याने फोटो मऊ पडतो.