क्षमापत्र घेतल्यावर नेमके काय माफ होत असे?

प्रश्न: शाळेत ‘पोप पैसे घेऊन पापे माफ करीत असे’ एवढ्या एका वाक्यात हा विषय आटोपला होता. क्षमापत्र म्हणजे चर्च पैसे घेऊन देत असे ते माफीचे पत्र. चर्चचे म्हणणेही तेवढेच होते का, आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा रोष नेमका कशावर होता?

प्रतिसाद १: शिकवणीनुसार पापाची क्षमा पश्चात्ताप आणि पापनिवेदनानेच मिळे, क्षमापत्राने माफ होई ती त्यानंतरही उरणारी, येथे किंवा मृत्यूनंतर शुद्धिस्थानात (स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो तेथे) भोगायची शिक्षा. १४७६ मध्ये पोप चौथ्या सिक्स्टसने ही सवलत मृतांनाही लागू केली आणि विक्रेत्यांना श्रोत्यांच्या दिवंगत आईबापांचा हवाला देता येऊ लागला.

प्रतिसाद २: त्यामागची सावकारीही पाहावी. माइन्झच्या आर्चबिशपपदासाठी आल्ब्रेख्टने फुग्गर पेढीचे कर्ज काढले होते. क्षमापत्रांच्या विक्रीतील उत्पन्नाचा निम्मा वाटा त्या कर्जफेडीकडे आणि निम्मा रोममधील सेंट पीटर्सच्या बांधकामाकडे जायचा. ल्यूथर राहत असलेल्या सॅक्सनीत या विक्रीला बंदी होती, म्हणून त्याच्या विटेनबर्ग गावचे लोक सीमेपलीकडे टेट्झेल या क्षमापत्रे विकणाऱ्या धर्मोपदेशकाकडे जाऊन पत्रे घेऊन येत. पत्र हाती आले की पश्चात्तापाची गरज संपली, असा त्यांचा समज होणे हेच, माझ्या मते, ल्यूथरच्या १५१७ च्या ९५ प्रबंधांचे (क्षमापत्रांवर आक्षेप घेणाऱ्या विधानांचे) मूळ आहे. श्रीमंत पोप स्वतःच्या पैशाने चर्च का बांधत नाही, हा बोचरा प्रश्नही त्यांत आहेच.

प्रतिसाद ३: एक पुरवणी. ही पत्रे १४५४ पासूनच छापील मिळत; नाव आणि तारीख यांसाठी जागा कोरी सोडलेली असे, अगदी आपल्या पावतीपुस्तकासारखी. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये त्यातील धनलोभाचे व्यवहार निषिद्ध ठरवले. संकल्पना मात्र कॅथलिक चर्चमध्ये आजही आहे.