कॅथलिक शाळेतला धर्मशिक्षणाचा तास गेला. जायला हवा होता का?

ग्रोटोपाशी
आम्ही कॅथलिक, मूळचे वसईचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे पंधरा वर्षं नागपुरात. मुलगी इथल्याच एका कॅथलिक शाळेत नववीत आहे. वर्गात साठ मुलं, त्यात पाच कॅथलिक.

गेल्या वर्षापर्यंत आठवड्यात दोन तास असे असायचे की ही पाच मुलं शेजारच्या खोलीत कॅटेकिझमला, म्हणजे आमच्या धर्मशिक्षणाला, जायची आणि बाकीची मॉरल सायन्सला बसायची. ह्या जूनपासून दोन्ही बंद. त्याजागी सगळ्यांना मिळून 'मूल्यशिक्षणा'चा एक तास, आणि तोही गणिताचे सर पोर्शन राहिलाय म्हणून मागून घेतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मिस्सा (फादर घेतात ती सामूहिक उपासना) आता सकाळी सातला, शाळा भरायच्या आधी, ज्यांना यायचं त्यांनी या. ऑटोवाले काका साडेसातच्या आत येत नाहीत, म्हणजे कोण येणार ते कळलंच. प्रिन्सिपल सिस्टरना भेटले. "दिवस कसे आहेत बघता ना," एवढंच म्हणाल्या.

मग ही शाळा कॅथलिक कशामुळे? फीच्या खिडकीवर क्रूस टांगलाय म्हणून?

तर्री_मारके
ताई, राग नका मानू, पण बरंच झालं. माझा पोरगा अशाच शाळेत आहे. आम्ही इंग्रजीसाठी आणि शिस्तीसाठी टाकलं त्याले, देवासाठी नाही. देवासाठी टेकडीचा गणपती आहे ना! पहिलीत असताना हा पोट्टा जेवायच्या आधी डोळे मिटून छातीवर क्रूस काढे. माझ्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. आता हसू येते, तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नव्हतं.

आणि शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होत असन तर हा सगळ्यांच्या पैशाचा प्रश्न आहे. धर्म शिकवायचा तर चर्चमध्ये शिकवा. जागा कमी आहे का?

कलम_अठ्ठावीस
वकील आहे, म्हणून एवढंच सांगतो. राज्यघटनेचं कलम २८(१) म्हणतं की संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. अनुदानित किंवा नुसत्या मान्यताप्राप्त शाळांसाठी २८(३) आहे. तिथे धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे बंदी सक्तीवर आहे, शिकवण्यावर नाही. त्यात ३०(१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. तेव्हा अनुदान मिळत असलं तरी त्या पाच मुलांचा तास घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. तर्रीभाऊंच्या मुलाला मात्र त्यांना न विचारता प्रार्थनेला उभं करता येत नाही.

खरी मेख संमतीत आहे. प्रवेश अर्जाच्या तळाशी 'शाळेचे सर्व नियम मान्य' अशी मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ असते. मी तिला संमती मानणार नाही. शाळा मानतात.

जुना_सदरवाला
हा वाद नागपूरला नवा नाही. आपण मध्य प्रदेशाची राजधानी होतो तेव्हा, १९५४ साली, त्या सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ मध्ये अहवाल आला. मिशनच्या शाळा आणि दवाखाने धर्मांतरासाठी वापरले जातात, असा त्यातला मुख्य आरोप. तेव्हापासून प्रत्येक सिस्टरच्या डोक्यात ही भीती बसलेली आहे.

आता माझं सांगतो. दहा वर्षं अशा शाळेत काढली, रोज 'अवर फादर' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हटली, आजही झोपेत म्हणून दाखवीन. बॅचमधले किती ख्रिस्ती झाले? एकही नाही. माझा बाकावरचा जोडीदार संघाच्या शाखेतून थेट शाळेत यायचा. चड्डी दोन्हीकडे खाकीच, बदलायचा प्रश्नच नव्हता.

तर्री_मारके
@जुना_सदरवाला काका, कोणी ख्रिस्ती होते असं मी म्हटलंच नाही. काहून प्रत्येक वेळी गाडी धर्मांतरावर नेता? माझा मुद्दा साधा आहे. सहा वर्षांच्या पोराला 'म्हणू का नको' हे ठरवता येत नाही. समोर टीचर उभी आहे, सगळे हात जोडून आहेत, तो पण जोडन. याला सक्ती नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

इंदोऱ्याची_लेक
थोडं वेगळं बोलते. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली. अहवाल आणि दीक्षा, दोन्ही एकाच वर्षातलं, एकाच गावातलं, हे वरची पोस्ट वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं.

मी कॉन्व्हेंटला होते. मॉरल सायन्सच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'देवाने आपल्याला घडवले'. घरी शिकवलेलं नेमकं उलट. मी ते वाक्य वहीत उतरवलंच नाही. सिस्टरनी जागेवर उभं केलं आणि कारण विचारलं. वाटलं, आता मार बसतो. पण ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, मग तुमच्याकडे काय म्हणतात ते म्हणून दाखव. मी अख्ख्या वर्गासमोर त्रिशरण पंचशील म्हटलं. शाळेतली हीच एक गोष्ट आजही जशीच्या तशी आठवते.

म्हणून तास बंद करायला माझा विरोध आहे. पण एकत्र केलेल्या 'मूल्यशिक्षणा'लाही आहे. त्यात प्रत्येकाला कुठला ना कुठला देव आहेच असं धरून चालतात. सर्वधर्म प्रार्थनेत आमचं नाव पोस्टरवर असतं, वाक्यात नसतं.

ग्रोटोपाशी
@इंदोऱ्याची_लेक हे मला सुचलंच नव्हतं. लेकीला विचारते तिच्या वर्गात कसं असतं.

@तर्री_मारके भाऊ, तुमच्या मुलानं क्रूस काढावा असं मी कुठं म्हटलं? भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंच एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना कळवलंय, की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळच्या असेंब्लीत राज्यघटनेची उद्देशिका म्हणा, शाळेत सर्वधर्म प्रार्थनालय करा. सगळं मान्य. पण इतरांवर लादू नका, ह्याचा अर्थ आपल्या लेकरांनाही शिकवू नका असा आमच्या शाळेनं लावलाय, तिथं माझं भांडण आहे.

सेमिनरी_हिल्स
मी कॅथलिक आहे आणि ताईंच्या विरोधात आहे.

माझ्या वेळी अशाच पाचांतला एक मी होतो. "कॅथलिक्स, बाहेर या" असं दारातून ओरडलं जायचं आणि पंचावन्न डोकी वळायची. बाकीच्यांना वाटायचं आम्हाला आत केक मिळतो. मिळायची आज्ञा आणि संस्कारांची यादी, घोकून. वर्षाच्या शेवटी परीक्षा, डायोसिसचं, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताचं, प्रमाणपत्र. मला ७८ मार्क पडले. श्रद्धा मात्र काठावर पास झाली, तीही पुढे आजारपणात, आईच्या जपमाळेमुळे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६५ मध्येच शिक्षणावरच्या जाहीरनाम्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असं लिहून ठेवलंय. आपण ते काम शाळेवर ढकललं आणि फी भरून मोकळे झालो. रविवारच्या मिस्सेनंतर पॅरिशमध्ये, आपल्या भागातल्या चर्चमध्ये, कॅटेकिझम असतो की. तिथं किती पालक मुलांना थांबवतात? शेवटचं गीत संपायच्या आत पार्किंगमधून स्कूटी बाहेर!

ग्रोटोपाशी
स्कूटी माझीच असेल. रविवारी नऊला कोचिंगची टेस्ट असते हो. आठवीपासूनच. गेल्या वर्षी चार महिने थांबवलं, मग तिचे टेस्टचे नंबर खाली आले आणि घरात हेच भांडण सुरू झालं.

आणि जाहीरनामा तुम्ही अर्धाच सांगितलात. त्यातच कॅथलिक शाळांबद्दलही लिहिलंय, की शाळेत सुवार्तेचं, येशूच्या शिकवणीचं, वातावरण असावं. वातावरण घरून डब्यात भरून पाठवता येत नाही. मला आज्ञांची घोकंपट्टी नकोच आहे. मुलीनं परवा विचारलं, "पापनिवेदन फादरपुढेच का, थेट देवापुढे का नाही?" मला धड सांगता आलं नाही. शाळेत हे विचारायला तिला एक माणूस आणि पस्तीस मिनिटं हवीत, बस.

कलम_अठ्ठावीस
मग पाचही पालकांनी सह्या करून लेखी संमती द्या आणि तास मागा. ज्याच्या त्याच्या पालकाची ज्याला त्याला संमती. कोर्टातही टिकेल.

तर्री_मारके
द्या सह्या, माझी हरकत नाही. पण एक सांगतो ताई. तुमची पाच पोरं त्या खोलीत जातीन तेव्हा इकडं पंचावन्न पोट्ट्यांना ते सर मूल्यशिक्षण थोडीच शिकवणार आहेत! त्रिकोणमिती घेतीन. दोन महिन्यांनी तुमचीच पोरगी मागं पडन आणि तुम्ही इथंच दुसरा धागा काढसान.

ग्रोटोपाशी
सिस्टरही अगदी हेच म्हणाल्या होत्या. वर लिहायचं टाळलं होतं.