पिवळ्या कार्डाची मर्यादा अजून पंधरा हजारच का?

माळरान:
धाकटा भाऊ वेगळा राहायला लागला, म्हणून त्याचं रेशनकार्ड वेगळं करायला त्याच्याबरोबर गेलो होतो. अर्ज भरणारा मुलगा उत्पन्नाच्या रकान्यापाशी थांबला आणि म्हणाला, "किती टाकू?" किती मिळतं, हे त्यानं विचारलंच नाही. भाऊ म्हणाला, "सगळे टाकतात तेवढं टाक." मला ते सहन झालं नाही, अर्ज तसाच घेऊन परत आलो.

१९९९ पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आहेत. पिवळ्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, केशरीसाठी एक लाखापर्यंत, त्यावर पांढरं. पंधरा हजार म्हणजे महिन्याला १,२५० रुपयांत अख्खं घर. २०२५-२६ मध्ये राज्यात रोहयोची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एखाद्या घरानं वर्षात फक्त रोहयोच्या हमीचे शंभर दिवसच काम केलं, बाकी दोनशे पासष्ट दिवस एक पैसा मिळवला नाही, तरी ३१,२०० होतात. सरकारनं सरकारी दरानं दिलेलं काम पुरं केलं की सरकारच्याच नियमानं ते घर पिवळ्या कार्डातून बाहेर!

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे स्वस्त धान्याचा हक्क असलेल्या घरासाठी, गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० अशी मर्यादा आली. तिचाही हिशेब करून बघा. ४४,००० पाच माणसांत, बारा महिन्यांत वाटले की माणशी ७३३ रुपये पडतात. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या अगदी तळाच्या पाच टक्के लोकांचा माणशी मासिक खर्च सरासरी १,६७७ रुपये निघाला. देशातल्या सर्वांत गरीब माणसांचा खर्चसुद्धा आपल्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे. खरं लिहिणारा जवळजवळ कुणीच या मर्यादेत बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ही मर्यादा जगण्याच्या खऱ्या खर्चाला बांधा आणि दरवर्षी बदला. कुणाला हे पटत नसेल तर का, तेही लिहा.

आकडेमोड:
पंधरा हजारांचं समर्थन मी करणार नाही. पण तुमच्या उपायाला माझा विरोध आहे.

दारिद्र्यरेषा ही मोजपट्टी आहे. कार्डाची मर्यादा म्हणजे दरवाजा. पट्टीचं काम गरिबी कमी झाली की वाढली ते सांगणं. नियोजन आयोगाच्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ ची रेषा देशात गावाला माणशी महिना ८१६ आणि शहराला १,००० रुपये होती, महाराष्ट्रात ९६७ आणि १,१२६. तिच्याखाली देशातले २१.९ टक्के लोक होते. तीच रेषा महागाईनुसार वाढवून स्टेट बँकेच्या संशोधकांनी २०२३-२४ साठी १,६३२ आणि १,९४४ धरली, तर गाव आणि शहर दोन्हीकडे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आलं. जागतिक बँकेची रेषा वेगळी, माणशी दिवसाला तीन डॉलरची (खरेदीक्षमतेच्या हिशेबातला डॉलर, बाजारातला नव्हे). तिच्याखालचे लोकही २०११-१२ च्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ वर आले. ही घट खरी आहे, कारण पट्टी तीच ठेवली. राहणीमान सुधारेल तशी पट्टी लांबवत नेली, तर काय सुधारलं ते कधीच दिसणार नाही.

आता दरवाजा. धान्याच्या लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना द्यायचं ती संख्या, ठरलेला आहे, महाराष्ट्रात ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. मर्यादा दुप्पट केली तरी जागा तेवढ्याच राहणार. मग आत कोण शिरेल? ज्याची तलाठ्याशी ओळख आहे, ज्याच्याकडे कागद तयार आहेत, तो. आणि बाहेर राहील ती एकटी म्हातारी, जिच्या बाजूनं चावडीवर बोलायला कुणी नाही.

भाडेकरू:
ताई, तुमचं गणित बरोबर असेल. पण दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं साडेपाच हजार आहे. आम्ही चौघं. शहराची मर्यादा ५९,००० म्हणजे महिन्याला ४,९१६. भाडं दिलं की पुढच्या महिन्याच्या पाचशे-सहाशे रुपयांची उसनवारी आजच झाली. अजून चूल पेटलेली नाही.

जेवणात काटकसर करता येते. आम्ही केली आहे, कोरोनाच्या वर्षात दोघं नवरा-बायको रात्री चहावर झोपलो आहोत. भाड्यात काटकसर होत नाही, अर्धं भाडं देतो म्हटलं तर मालक अर्ध्या खोलीत ठेवत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, दारिद्र्यरेषा शहरात माणशी दिवसाला ३२ रुपये आणि गावात २६. तेव्हा वर्तमानपत्रांत सगळे ३२ रुपयांत काय खाता येतं तेच मोजत बसले होते. ३२ रुपयांत रात्री झोपायचं कुठे, हे मोजलं नाही.

शिवाय मालक भाडेकरार करून देत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून इथलं कार्डही नाही. गावाकडच्या कार्डावर नाव आहे. आता धान्य कुठूनही उचलता येतं म्हणतात, पण दुकानात अंगठा लागला नाही की रिकाम्या पिशवीनं परत.

जुनी फाईल:
मी या विषयातली जुनी कागदपत्रं बरीच वाचली आहेत. या वादाचं मूळ फार मागे आहे.

१९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या एका कार्यगटानं पहिल्यांदा किमान खर्च ठरवला. धनंजयराव गाडगीळ आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे त्यात होते. १९६०-६१ च्या किमतींनी माणशी महिना २० रुपये, म्हणजे पाच जणांच्या घराला शंभर. त्यात शिक्षण आणि आरोग्य धरलंच नव्हतं, कारण ते दोन्ही राज्यसंस्थेनं पुरवायचं असं गृहीत होतं. ती चूक नव्हती, ते वचन होतं. १९७१ मध्ये दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी २,२५० उष्मांकांचा आधार घेऊन गावाला १५ आणि शहराला साडेबावीस रुपये काढले. १९७९ च्या कृतिगटानं गावाला २,४०० आणि शहराला २,१०० उष्मांक ठरवले. रेषा पोटाभोवतीच फिरत राहिली. तोवर बाहेर शाळेची फी आणि दवाखान्याचं बिल माणसाच्या खिशातून जायला लागलं होतं.

तेंडुलकरांनी २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडला आणि शिक्षण-आरोग्याचा खर्च धरला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण तो धरला त्या वेळी लोक प्रत्यक्षात करत होते त्या खर्चावरून. जी बाई पैसे नाहीत म्हणून गाठ अंगावर काढते, तिचा दवाखान्याचा खर्च कमीच दिसणार. तिची अडचण आकड्यात उतरताना तिची गरजच कमी आहे असं दिसतं. माझ्या मते सगळ्या पद्धतीतला हा सर्वांत मोठा दोष आहे. २०१४ मध्ये रंगराजन समितीनं रेषा ९७२ आणि १,४०७ वर नेली, गरिबांचं प्रमाण २९.५ टक्के निघालं. त्या अहवालावर पुढे निर्णय झाला नाही.

म्हणून आकडेमोडताई, पट्टी तीच ठेवली असं तुम्ही म्हणता, पण ती मोजते ते जगणंच बदललं आहे.

आकडेमोड:
आरोग्याचा मुद्दा मान्य, अगदी मनापासून. गाठ अंगावर काढण्याचं उदाहरण वाचून थांबले. पण त्यावर उपाय सरकारी दवाखाना नीट चालवणं हा आहे. रेषा वर नेऊन त्या बाईची तपासणी होणार नाही. १९६२ चं वचन पाळा म्हणा, मी तुमच्याबरोबर सही करीन.

फॉर्मवाला:
"किती टाकू?" विचारणारा मीच. म्हणजे माळरानदादांना भेटलेला तो नव्हे, पण आठ वर्षं हेच काम करतो आणि हाच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारतो. का विचारतो, ते सांगतो.

समोर ऊसतोडीचं जोडपं बसलेलं असतं. मुकादमाकडून दिवाळीच्या आधी उचल घेतली, सहा महिने कोयता चालवून फेडली, थोडी अंगावर राहिली. उचल हे उत्पन्न की कर्ज? उत्पन्न म्हणून लिहिली तर ते घर केशरीतूनही बाहेर जायला वेळ लागत नाही. कर्ज म्हणून सोडली तर सहा महिन्यांचं उत्पन्न शून्य. त्या रकान्यात खरं उत्तर मावतच नाही. आणि माहिती खोटी निघाली तर शिक्षेस पात्र राहीन, असं स्वयंघोषणापत्रावर लिहिलेलं असतं. त्याखाली अंगठा देताना बाईचा हात थरथरतो, ते मी रोज बघतो.

म्हणून मी दोघांच्याही विरुद्ध आहे. मर्यादा पंधरा हजार ठेवा नाहीतर दीड लाख करा, मजुराचं उत्पन्न कुणालाच मोजता येत नाही. डोळ्यांना दिसतं तेवढं बघून वगळा: चारचाकी, पगारी नोकरी, आयकर, मोठी बागायत. बाकी सगळ्यांना धान्य द्या. १९९९ च्या निकषांत अशी यादी होतीच, डॉक्टर-वकील नको, दोन हेक्टरांवर जिरायत नको. घरी टेलिफोन नको, असंही त्यात होतं. ती आजच्या काळाची करा आणि रकाना काढून टाका.

माळरान:
फॉर्मवालेदादा, उचलीचं मला सुचलंच नव्हतं. दरवर्षी मर्यादा बदला हे माझं म्हणणं तिथे तोकडं पडतं, हे कबूल करतो.

पण रकाना काढून भागेल का? तो इतर सगळ्या योजनांत आहेच. २०१९ पासून आठ लाखांखालचं कुटुंब आरक्षणासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल आहे. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख ठरले. माझी वहिनी पंधराशे रुपयांसाठी गरजू ठरली, आणि तिचंच घर धान्यासाठी ४४,००० च्या वर गेलं की गरजू नाही.

आकडेमोड:
वेगळ्या योजनांना वेगळ्या मर्यादा असणारच, त्यात मला विसंगती दिसत नाही. अडीच लाख २०२४ मधले आहेत आणि पंधरा हजार १९९९ मधले, खरी अडचण ती आहे. वगळण्याच्या यादीवर मात्र मी अजून साशंक आहे. पोटासाठी कर्जावर टेम्पो चालवणाऱ्याची चारचाकी कुठे धरणार?

फॉर्मवाला:
टेम्पो वगळायचा नाही, ताई. पिवळ्या नंबरप्लेटचं वाहन म्हणजे त्याचा कोयताच आहे.

माळरान:
भावाचा अर्ज अजून माझ्याकडे आहे. बाकी सगळं भरलंय. मजुरीचे दिवस लिहून काढले, गेल्या वर्षी १९४ भरले, पावसाळ्यातला दीड महिना घरीच. तेवढ्याचा हिशेब केला तर आकडा मर्यादेच्या वर जातो. सोमवारी तोच आकडा टाकून अर्ज देणार आहोत. कार्ड नाकारलं तर नाकारल्याचं कारण लेखी मागणार, आणि ते इथे टाकीन.