द्राक्षाच्या पट्टीवर दशमांश कसा काढायचा?

बागायतदार_दिंडोरी: सर्वांना सलाम. द्राक्षाचं उत्पन्न वर्षातून एकदाच, जानेवारी ते एप्रिल. व्यापाऱ्याच्या पट्टीचे (विक्रीच्या हिशेबाचे) पैसे तुकड्यातुकड्याने येतात. चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, एकूण विक्रीवर काढायचा की खर्च वजा जाता? सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना द्यावा का? चर्चच्या मंडळीत काही जण म्हणतात, पूर्ण रकमेवर नाही दिला तर देवाला ठकवल्यासारखं होतं.

हिशेबनीस: नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपनीत काम करणाऱ्याच्या हाती येतो तो पगार हीच त्याची कमाई. तुमच्या पट्टीत औषधं, खतं, मजुरी, कॅरेट सगळं मिसळलेलं असतं. समजा विक्री १२ लाख, खर्च ८ लाख. निव्वळ ४ लाखांवर दशमांश ४० हजार. एकूण विक्रीवर काढलात तर १ लाख २० हजार, म्हणजे कमाईच्या ३० टक्के! स्वखुशीने द्यायचे असतील तर जरूर द्या, पण त्याला दशमांश म्हणू नका.

चूक नेमकी कुठे होते? दुकानाचं औषधाचं बिल खर्चात धरतात आणि त्याच औषधासाठी काढलेल्या पीककर्जाची परतफेडही वजा करतात. एकच खर्च दोनदा. कर्जाचं फक्त व्याज धरा, मुद्दल नको. घरखर्च, मुलांची फी, गाडीचा हप्ता हे बागेचे खर्च नव्हेत, ते त्या ४ लाखांतूनच.

पैसे तुकड्याने येतात म्हणून बायबलमधल्या १ करिंथ १६:२ ची रीत वापरा: मिळकतीच्या मानाने वेळोवेळी बाजूला ठेवणे. वरच्या हिशेबात नफा विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणून दर लाखाच्या पट्टीमागे ३,३०० रुपये वेगळ्या बचत खात्यात टाका. एप्रिलच्या खरड छाटणीआधी खरा हिशेब करून फरक मिटवा. चेक वटायच्या आत दान करायचं नाही. व्यापारी पसार झाले की काय होतं, हे निफाड-दिंडोरीत कुणाला सांगायला नको.

शरणपूर_रोड: त्याआधी मजुरी. डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), विरळणीला पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्यांची उचल वजा जाता बाकी चुकती केली का? याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. मार्क ७:११ सुद्धा पाहा. आईबापांचं देणं 'देवाला अर्पण केलं' म्हणून टाळणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच सुनावलंय. मत्तय २३:२३ मध्येही पुदिना-जिऱ्याचा दशमांश काटेकोर देऊन न्याय आणि दया सोडणाऱ्यांची हजेरी घेतली आहे.

कॅथलिकांत १० टक्क्यांचा कायदा नाही. त्यांच्या चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) २२२ प्रमाणे चर्चच्या गरजा भागवणं हे कर्तव्य आहे, आकडा ज्याचा त्याने ठरवायचा.

बागायतदार_दिंडोरी: आणि मलाखी ३:१०? दिलं की आकाशकपाटे उघडतात, असं सभेत सांगतात.

शरणपूर_रोड: तिथे मंदिराच्या भांडाराची गोष्ट आहे. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाला, इतर वंशांसारखं जमिनीचं वतन नव्हतं, त्यांचं पोट त्या धान्यावर. वाटा बंद झाला तेव्हा ते आपापल्या शेतांकडे पळाले (नहेम्या १३:१०). अनुवाद १४:२८-२९ मध्ये तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवून लेवी, परका, अनाथ, विधवा यांना खाऊ घालायचा. हा १०० घालून १००० काढायचा धंदा नव्हे. तसा मानला की पहिल्याच गारपिटीत विश्वास झोपतो, किंवा माणूस स्वतःतच पाप शोधत बसतो. मत्तय ६:२४ इथेच लागू पडतं: देवाची सेवा म्हणून पैशाचीच चाकरी.

हिशेबनीस: एक व्यवहारातली गोष्ट. चेक किंवा यूपीआय मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात करा, कुणाच्या खाजगी खात्यात नाही, आणि पावती घ्या. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर दरवर्षी ३१ मार्चचे हिशेब तपासून घ्यावे लागतात, ते सभासदांच्या सभेत वाचून दाखवा म्हणा. पाळकांना अवघडल्यासारखं होईल, होऊ दे.