हळदीच्या फोटोत नवरी हिरवी दिसायली, काय करावं?

परभणीकर:
मंडळी, परवा वसमतकडं एका लग्नात हळद काढली. मे महिना, अंगणभर हिरवी शेडनेट, मागं पिवळा पडदा, झेंडूच्या माळा, नवरीची साडी पण पिवळीच. कॅमेऱ्यावर बरं वाटलं अन् घरी येऊन उघडलं तर नवरी काविळीतून उठल्यासारखी. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) कमी केलं की हळदच गायब व्हायली. कलर व्हीलवर पिवळ्यासमोर जांभळा असतो म्हणून सावल्यांत जांभळा टाकून बगितला तर अजूनच घाण. कामून असं?

लातूरचा_फोटोवाला:
अरे गड्या, जाळीतून गाळून येणारा उजेडच हिरवा हाय, त्यात हळदीचा काय दोष. हिरव्यासमोर मॅजेंटा, म्हणजे राणी गुलाबी, म्हणून टिंट (हिरवा-मॅजेंटाचा स्लायडर) मॅजेंटाकडं सरकव. रॉ हायत ना, कॅमेऱ्यातल्या कच्च्या फायली? जाळीखालच्या कुणाच्या पांढऱ्या टोपीवर ड्रॉपर (पांढरं कोणतं ते सॉफ्टवेअरला दाखवायचं टूल) टेकव, निम्मं काम तिथंच होतंय. अन् ते जांभळ्याचं चाक चित्रकाराचं, रंग कालवायचं. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्यावर चालती, तिथं पिवळ्यासमोर निळा येतो.

परभणीकर:
रॉच हायत. टिंट ओढला, नवरी सुधरली पण जाळीच्या बाहेर उन्हात बसलेल्या आजोबांचं धोतर गुलाबी झालं 😭

उस्मानपुरा_क्लिक्स:
सरळ ब्लॅक अँड व्हाइट कर 😂

लातूरचा_फोटोवाला:
हळदीचा अल्बम ब्लॅक अँड व्हाइट? पेमेंट विसर मग

बीडकरीण:
दोन जागी दोन उजेड, एका स्लायडरनं कसे सुधरतील? धोतर नीट दिसंल तसा आख्खा फोटो ठेव अन् जाळीखालच्या लोकांवर मास्क मारून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तिथलाच टिंट बदल. मग एचएसएलमध्ये, म्हणजे एकेक रंग वेगळा सुधरायच्या पॅनेलमध्ये, पिवळ्याची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी खाली, केशरीची जराशी वर, कारण आपल्या कातडीचा रंग बहुतेक केशरीत बसतो, म्हणजे हळद राहती अन् चेहरा उठतो. पुढच्या वेळी नवरीच्या डोक्यावरची तेवढी जाळी सरकवून पांढरी चादर बांधायला लाव. जाळीच्या खाली बांधू नको, मी ते करून बसलेय, उजेड हिरवाच झिरपतो. अन् मागचा पिवळा पडदा काढ की, घरातलं एखादं निळं लुगडं टांग, पिवळी साडी कशी उठून दिसती बग. आणखी एक, फ्रेमभर पिवळं असलं की ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ते) गंडतो, दर फोटोत चेहरा वेगळा, म्हणून चादरीखाली व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनच्या (दिवसाच्या उजेडाचा आकडा) आसपास फिक्स ठेवून काढ, बाकी नंतर बगता येतं.

परभणीकर:
मास्कनं जमलं ताई, धोतर पांढरं! लुगड्याचं जमंल, पण जाळी सरकव म्हणलं तर मंडपवाला अंगावर येतोय