१९ वर्षं उभी असलेली जावा, इंजिन जाम, घरीच सोडवायचंय... कुठून सुरुवात करू?

गॅरेजचा_कोपरा:
नमस्कार मंडळी. मामांची जावा २५० मोटरसायकल आहे, सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोक, १९ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, मागच्या महिन्यात मामा म्हणाले तुला हवी तर घेऊन जा आणि मी दुसऱ्याच दिवशी आणली. ह्याच गाडीच्या टाकीवर बसून लहानपणी फिरलोय त्यामुळे तयार करून मिळणारी गाडी मला नकोय, हीच चालू करायचीय आणि जितकं जमेल तितकं माझ्या हातानं.

परिस्थिती अशी की किक जागची हलत नाही. न्यूट्रलला मागचं चाक फिरतं, चौथ्या गिअरमध्ये टाकून चाक ढकललं की दगडासारखं अडतं. प्लग जागेवरच होता पण कार्ब्युरेटर कुणीतरी काढून नेलेला, म्हणजे इनटेकचं तोंड इतकी वर्षं उघडं, फक्त एक चिंधी कोंबलेली. एक ओळखीचे म्हणाले चौथ्यात टाक आणि दुसऱ्या गाडीला बांधून ओढ, सुटेल. करू का? पाने, हातोडी, हॉट एअर गन आहे, प्रेस वगैरे काही नाही. इंजिन याआधी कधी उघडलेलं नाही.

पाना_तेरा:
ओढू नकोस!! अजिबात नाही. आणि किकवर उभं राहून उड्या पण मारू नकोस, ह्या गाडीत किक आणि गिअरचा दांडा एकच आहे, आतले दाते गेले तर दोन्ही गेलं.

आधी हे बघ की अडकलंय नक्की काय. सगळे धरून चालतात की पिस्टनच, पण उजव्या बाजूचं कव्हर काढ, तिथे डायनामो थेट क्रँकच्या (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) टोकावर बसतो, आणि ओल लागलेल्या गाडीत आर्मेचर गंजून बाहेरच्या कॉइलच्या बॉडीला धरून बसलेलं मी पाहिलंय. ती बॉडी मोकळी करून बाजूला काढ आणि मग परत चाक हलवून बघ. तरी अडलं तर हेड काढ. हेडचे नट एकदम एकच पूर्ण सोडू नकोस, तिरके समोरासमोर थोडे थोडे.

गॅरेजचा_कोपरा:
@पाना_तेरा धन्यवाद, वाचलो म्हणायचं. डायनामो मोकळा केला, तरी अडलंय. हेड काढलं. पिस्टन वरच्या टोकापासून साधारण ३० मिमी खाली आहे, सिलिंडरच्या भिंतीवर लालसर गंजाची एक पट्टी आहे, समोरच्या बाजूला जास्त. फोटोत नीट येत नाहीये पण हाताला खरखर लागते.

जुनं_लोखंड:
३० मिमीवर अडकलाय ही चांगली बातमी आहे, कारण दोन. एक म्हणजे एक्झॉस्टचे पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली धूर बाहेर जायची भोकं) अजून त्याच्या खाली आहेत, म्हणजे वरून ओतलेलं तेल साचून राहील, पोर्टमधून वाहून जाणार नाही. दुसरं म्हणजे पिस्टन मध्यावर आहे. अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला अडकलेल्या पिस्टनवर वरून ठोकलं तर क्रँक फिरतच नाही, सगळा मार सरळ कनेक्टिंग रॉडवर आणि बेअरिंगवर जातो. मध्यावर असला की ढकललेलं फिरण्यात जातं.

आता पद्धत. पिस्टनच्या वर एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि एसिटोन निम्मं निम्मं ओत, बोटभर उंची होईल एवढं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, थोड्या वेळाने वेगळे होतात, म्हणून हलवून ओतायचं. एसिटोन रंग खातं, टाकी आणि फेंडर आधीच काढून ठेव. आणि ते पेट्रोलसारखंच पेट घेतं, बंद खोलीत नको. एसिटोन नकोसं वाटत असेल तर नुसतं एटीएफ आणि डिझेल चालतं, वेळ जास्त लागतो इतकंच. किमान आठवडा ठेव. रोज बघायचं, पातळी खाली गेली असेल तर आनंद मान, कारण तेल रिंगांच्या, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांच्या, बाजूने उतरतंय.

मग लाकूड. सिलिंडरच्या आत जेमतेम जाईल असा गोल ठोकळा, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास ६५ मिमी आहे तर ६०-६२ चा. तो पिस्टनवर सपाट बसला पाहिजे. त्यावर हलके ठोके, खूप सारे. एक जोरदार घाव नाही. गंजाची पकड कंपाने तुटते. लोखंडी सळई थेट पिस्टनवर ठेवून ठोकू नकोस, मी पंचवीस वर्षांपूर्वी तेच केलं होतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं, त्या गाडीचा पिस्टन मिळवायला मला दीड वर्ष लागलं, ते अजून लागतं मनाला.

थ्रॉटल_ताई:
लोखंडदादांशी सहमत पण हीटबद्दल कुणी बोललं नाही, तुझ्याकडे हॉट एअर गन आहे म्हणून सांगते. ह्यात लोक एक चूक करतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणजे अख्खं इंजिन तासभर सावकाश तापवत बसलास तर पिस्टन उलटा जास्त घट्ट बसतो. तापवायचं ते बाहेरून, फिन्सवर (सिलिंडरच्या बाहेरची पाती), गन सगळीकडे फिरवत, म्हणजे सिलिंडर आधी फुगतो आणि पिस्टन अजून थंड असतो. तेवढ्या वेळात ठोके द्यायचे. नाही सुटलं तर पूर्ण थंड होऊ दे, परत तेल टाक, परत दुसऱ्या दिवशी. हे तापणं-थंड होणं जितक्या वेळा होईल तितका गंजाचा थर भेगाळतो आणि तेल आत शिरतं.

पण एसिटोन ओतलेलं असेल त्या दिवशी गन हातात पण घ्यायची नाही. आधी पूर्ण टिपून काढ, उघड्यावर सुकू दे, नुसतं एटीएफ पण पुसून घे. आणि उघडी ज्वाला तर कधीच नाही.

पाना_तेरा:
अजून एक उपाय आहे, ग्रीस गन. हेड परत लावायचं, प्लगच्या भोकात ग्रीस निपल बसेल असा ॲडॅप्टर, आत तेल भरून वरून ग्रीस पंप करायचं. ग्रीस दाबलं जात नाही त्यामुळे सगळा दाब पिस्टनवर, आणि हातोडीसारखा एका जागी नाही तर सगळीकडे सारखा. माझा एक सिलिंडर असाच सुटला.

जुनं_लोखंड:
चालतं, फक्त पिस्टन जसा पोर्टपर्यंत उतरतो तसं ग्रीस पोर्टमधून बाहेर, म्हणजे त्यापुढे काही उपयोग नाही, आणि नंतर ते सगळं ग्रीस क्रँककेसमधून साफ करत बसा. मी तरी हा शेवटचा उपाय म्हणून ठेवेन. हवेचा कॉम्प्रेसर मात्र कुणीही सुचवला तरी नको, दाबलेली हवा अचानक सुटली तर काहीतरी उडून तोंडावर येतं.

गॅरेजचा_कोपरा:
सुटला!!!!

अकरा दिवस लागले. पहिले चार दिवस पातळी तसूभर हलली नाही, मला वाटलं काही होत नाही, पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर पिस्टनचा माथा अर्धा कोरडा. मग ताई म्हणाल्या तसं रोज संध्याकाळी सगळं टिपून वाळवून तापवलं, ठोकळ्यावर दहा मिनिटं टकटक, मग परत तेल (एसिटोन दुसऱ्या दिवसानंतर बंद केलं). अकराव्या दिवशी आवाज बदलला. आधी ठण्ण येत होता तो थप्प झाला आणि ठोकळा दोन मिलिमीटर खाली. मी तसाच बसून राहिलो थोडा वेळ. मामांना फोन केला, ते काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले डायनामोचा बोल्ट जपून काढ, तो मी एकदा तोडलाय.

आता क्रँक पूर्ण फिरते. सिलिंडर काढून बघितला, गंजाच्या पट्टीच्या जागी बारीक खड्डे आहेत, नखाला लागतात. रिंगा खाचेत चिकटल्यात, एक काढताना तुटली. तर आता प्रश्न असा की सिलिंडर बारीक एमरीने घासून, नवीन रिंगा टाकून, दुसरा कार्ब्युरेटर बसवून एकदा चालू करून बघू का? फक्त आवाज ऐकायचाय. मग नंतर सावकाश बाकीचं उघडेन.

जुनं_लोखंड:
नको. मनापासून सांगतो, नको. तुझी घाई समजते, अकरा दिवस ठोकल्यावर कुणालाही आवाज ऐकावासा वाटणारच. पण इथेच बहुतेक जाम इंजिनं दुसऱ्यांदा जाम होतात आणि दुसऱ्यांदा होतात ती कायमची.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसता डबा नाही, तो पंप आहे. पेट्रोल, ऑइल, हवा सगळं आधी खाली क्रँकभोवती येतं मग वर जातं. क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात. १९ वर्षं कोरडे पडलेले सील कडक होतात, त्यातून खाली जास्तीची हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण गरम जळतं, आणि ह्या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच येतं म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. मग चालत्या गाडीत पिस्टन धरतो. गंजाने धरलेला पिस्टन तेलाने सुटतो, उष्णतेने धरलेला सिलिंडरवर स्वतःचं ॲल्युमिनियम फासून ठेवतो.

दुसरं म्हणजे इनटेक उघडा होता. तिथून गेलेलं पाणी कुठे साचलं असेल? सगळ्यात खाली. तिथे बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे, रोलर आहेत. आत्ता रॉड हातात धर, वर-खाली ओढ. वर-खाली अजिबात खेळ नको, डावी-उजवीकडे थोडा असतो तो ठीक. आणि क्रँक हळू फिरवताना कानाला काय ऐकू येतं ते सांग.

गॅरेजचा_कोपरा:
वर-खाली खेळ नाही. पण फिरवताना एका जागी किरकिर येते, वाळू चावल्यासारखी.

थ्रॉटल_ताई:
मग उत्तर मिळालं. उघड.

केस वेगळे करताना मधे स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नकोस, तो जोड घासलेला असतो, एक ओरखडा पडला तरी तिथून हवा ओढणार. सगळे स्क्रू निघालेत ना दोनदा बघ. मग बेअरिंगच्या भोवती केस तापव, थेंबभर पाणी टाकलं की चर्र करून उडेल इतका, आणि रबरी हातोडीने ठोक. इथे हीट तुझ्या बाजूने काम करते, केस ॲल्युमिनियमचा, बेअरिंग स्टीलचं. क्लचच्या आणि ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेने उडवू नकोस, ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक.

आणि एमरीने बोअर घासायचा विचार सोड. नखाला लागणारे खड्डे एमरीने जात नाहीत, उलट सिलिंडर लंबगोल होतो. रिबोर, म्हणजे सिलिंडर आतून कातून किंचित मोठा करणं, आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन. पिस्टन आधी हातात घे, मग त्याच्या मापाने बोअर करायला दे, उलटं नाही. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा किंचित मारून घ्यायला सांग, नाहीतर नवीन रिंग पहिल्याच दिवशी कडेला अडकते. रिंगेचं तोंड सिलिंडरमध्ये ठेवून फीलर गेजने मोज, ६५ च्या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास हवं.

गॅरेजचा_कोपरा:
तीन आठवड्यांनी लिहितोय. केस उघडला. डावीकडचा सील हातात चुरा होऊन आला. बिग एंडच्या दोन रोलरवर गंजाचे काळे डाग, तिथेच किरकिर होती. क्रँक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये दिला, नवा रॉड, पिन आणि रोलर बसवून आज परत आला, डायल गेजवर ०.०३ मिमी फिरकी (फिरतानाचं डोलणं) दाखवतोय. मेन बेअरिंग आणि दोन्ही सील नवे. सिलिंडर ०.५० ओव्हरसाइजला गेला. चालू केली असती तर किती मिनिटं टिकली असती हा विचार करून आत्ताही पोटात गोळा येतो, लोखंडदादा तुमचे खरंच आभार.

रविवारी मामा येणार आहेत, पिस्टन त्यांच्यासमोर बसवायचाय. पिस्टनच्या माथ्यावर बाण आहे, तो कुठे?

जुनं_लोखंड:
एक्झॉस्टकडे, म्हणजे समोर. रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनेवर बसलीत ना ते बोटाने चाचपून मगच सिलिंडर खाली सरकव. गजन पिनचे (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन) सर्क्लिप, म्हणजे तिला अडवणाऱ्या तारेच्या कड्या, नवेच वापर, त्यांचं तोंड वर किंवा खाली, आडवं नाही. आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंब, सर्क्लिप उडाला की नेमका तिथेच जातो. फडकं मामांच्या हातात दे, काढायची आठवण ते ठेवतील.